रुद्राणीच्या खुणा

रुद्राणी दोन वर्षांची असताना तिला मेंदूचा ताप आला, आणि तो उतरला तेव्हा तिचे कान गेले होते. हे दानम्माला लगेच कळलंही नाही. पोर तापातून उठली, खाऊ-पिऊ लागली, म्हणून घरात सगळे निश्चिंत झाले होते. एके दिवशी चुलीपाशी पितळी परात दानम्माच्या हातून निसटली आणि दणदिशी फरशीवर आदळली. पलीकडच्या खोलीत झोपलेली सासू दचकून उठली. परातीच्या शेजारीच बसलेल्या रुद्राणीने मात्र मानसुद्धा वळवली नाही. दानम्मा परात उचलायची विसरून तशीच बसून राहिली.

अहमदपूरहून कंधारच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर बसलिंगप्पांचं शेत होतं. बसलिंगप्पा दानम्माचा नवरा. त्यांचं गावात किराणा दुकान होतं, पण राहणं शेतातच. लेकीसाठी दोघांनी नांदेड केलं, हैदराबाद केलं, डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं केलं. गुण आला नाही. पुढे तिला गावच्या शाळेत घातलं. मास्तर वाईट नव्हते, पण भरल्या वर्गात एका बहिऱ्या मुलीचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. ते तिला खिडकीपाशी बसवून पाटी देत. वर्षभर रुद्राणी खिडकीपाशी बसली. एका सकाळी तिने दप्तर उचललंच नाही, उंबऱ्यावर बसून राहिली. दानम्माने तिला ओढलं नाही. स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई ती. नवऱ्याला म्हणाली, आता हिला मीच शिकवते, इथंच, शेतात.

शिकवायचं तर बोलायला हवं, आणि बोलण्यासाठी मायलेकींनी खुणा केल्या. कपाळाशी दोन बोटं धरली की बैल. मनगट वळवून तळहात उघडला की कापसाचं बोंड. कोतवाल पक्ष्याच्या शेपटीसारखी दोन बोटं फाकवली की कोतवाल, आणि तीच बोटं छातीशी नेली की शूर माणूस, कारण कोतवाल घारीच्याही मागे लागतो हे रुद्राणीने स्वतः बांधावरून पाहिलं होतं. ती खूण तिनेच काढली होती. अक्षरं दोघींनी आधी चिकणमातीची वळली, मग मातीत बोटाने काढली, मग पाटीवर. ज्वारीचं ताट कोंबापासून कणसापर्यंत कसं वाढतं हे रुद्राणीला वाचता येण्याआधीच काढता येत होतं.

हे पाहून आणखी लोक येऊ लागले. शेजारच्या शेतातली कस्तुराबाई आपली नात सिंधु हिला घेऊन आली. शाळा लांब, वाटेत ओढा, म्हणून ती पोर घरीच असायची. अहमदपूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर श्रीमंत आपल्या शिवाला आणू लागला. शिवाची जीभ बोलताना अडायची आणि शाळेच्या नावाने त्याला ताप भरायचा, तेव्हा त्याचं शिकणंही घरीच चाललं होतं. कंधारचे हणमंतराव, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, दर रविवारी एसटीने येत. ते मुलांना रंग करायला शिकवत. पळसाची फुलं उकळून केशरी, तांबडी काव, चुना, चुलीची काजळी, आणि रंग धरून ठेवायला बाभळीचा डिंक. शिंदीच्या काड्या ठेचून कुंचले व्हायचे. गोठ्याची सगळी बाहेरची भिंत त्या मुलांनी रंगवून काढली. मुलं रंगवत, मोठी माणसंही हळूहळू हात लावत. कस्तुराबाई पहिल्यांदा लाजली आणि मग तिने एक म्हैस अशी काढली की हणमंतराव उठून जवळून बघायला गेले. दुपारी सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र सुटत.

खुणा सगळ्यांनाच शिकाव्या लागल्या, कारण खेळात रुद्राणीच पुढे असायची. ज्वारी राखायच्या दिवसांत तर त्याचा उपयोगच झाला. मुलं शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभी राहत, आणि पाखरांचा थवा कुठून येतोय हे ओरडून सांगण्यापेक्षा हात वर करून सांगणं सोपं जाई. शिवाला तर बोलण्यापेक्षा हेच बरं वाटे. हात त्याचे कधी अडले नाहीत. कणसांच्या वर उठलेले ते छोटे हात दानम्मा ओट्यावरून बघत बसे. तिचे तेवढे दिवस सुखाचे गेले.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा वेगळा झाला होता. कामासाठी उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून बाजारात पेढे वाटले गेले. नवी कचेरी, नव्या शाळा, नवे दवाखाने, सगळं लातूरला होणार होतं. आणि जिल्ह्याची घडी बसते न बसते तोच पाऊस मागे सरला. एक साल कमी पडला, दुसऱ्या साली त्याहून कमी, तिसऱ्या साली पेरलेलं उगवून जागेवर करपलं. विहिरीला खडक दिसू लागला. मोसंबीची झाडं उभ्या उभ्या वाळली. बैल छावणीवर बांधावे लागले.

मग मळ्यातली माणसं एकेक करून कमी झाली. श्रीमंतने लातूरच्या नव्या दवाखान्यात बदली मागून घेतली; तिथे निदान नळाला पाणी होतं. शिवा निघताना कुणाशीच बोलला नाही, फक्त रुद्राणीशी हातांनी काहीतरी बोलला आणि बापाच्या मागे सायकलवर बसला. कस्तुराबाईची सून आणि मुलगा विष्णुपुरीच्या धरणावर कामाला गेले, तिकडेच झोपडी घातली, आणि मग तीही नातीला घेऊन तिकडे निघाली. जायच्या दिवशी कस्तुराबाई सिंधुला घेऊन आली आणि दानम्माला म्हणाली, "दानक्का, पोरगी इथंच ठिवली असती बघ. पर तुझ्याच घागरीत पाणी न्हाई, तुला कसं म्हणू?" हणमंतरावांचं येणं पावसाळ्याआधीच थांबलं होतं. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, उजवीकडे.

रुद्राणी एकटी राहिली. ती रोज गोठ्यापाशी जाई, पण रंग कालवायला पाणी मागत नसे. पाणी कशाला लागतं ते तिला कळत होतं.

बसलिंगप्पा दुकानाच्या मालासाठी लातूरला जात. तिथे त्यांना कळलं की बहिऱ्या मुलांसाठी एक निवासी शाळा निघाली आहे. राहणं, जेवण तिथेच, आणि मुलांना तोंडाने बोलायला शिकवतात. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा दानम्माने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा विषय काढला. ती म्हणाली, पोरीला सगळं येतं, वाचता येतं, गणित येतं, चित्र येतं. बसलिंगप्पा शांतपणे म्हणाले, तिला येतं ते तुझ्यापाशी येतं. आपण दोघं गेल्यावर ही कुणाशी बोलणार? दानम्माने तरी हो म्हटलं नाही.

तिला हो म्हणायला लावलं ते टँकरने.

वस्तीवर टँकर येई तेव्हा झुंबड उडायची. त्या दिवशी दानम्मा रांगेत होती आणि रुद्राणी पुढे जाऊन घागर लावत होती. घागर घरंगळली, ती उचलायला पोर वाकली, आणि टँकर मागे येऊ लागला. भोंगा वाजत होता. बायका ओरडत होत्या. दानम्माही जीव खाऊन ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचे दोन्ही हात वर गेले, थांब, सर, मागे बघ, सगळ्या खुणा एकदम. पण पोर पाठमोरी होती. कुणीतरी टँकरच्या पत्र्यावर दगड हाणला म्हणून तो थांबला. घागर चेपून पत्रा झाली होती, आणि रुद्राणीच्या पायाची बोटं चाकाखाली आली होती.

पाय बरा झाला, थोडी लंगड राहिली. दानम्मा तेवढे दिवस तिच्या उशाशी होती. पट्टी सुटली त्या सकाळी तिने नवऱ्याला आपणहून म्हटलं, "कधी सोडायचं तिला?"

"तुझं मन होतंय का?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"माझ्या मनाचं काय घिऊन बसलाव तुमी," ती म्हणाली.

जून लागताच ते तिघं एसटीने लातूरला गेले. शाळेच्या बाई चांगल्या होत्या, वयाने लहान, मायाळू. त्यांनी रुद्राणीला जवळ घेतलं, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवली. मग दानम्माला समजावून सांगितलं की आता घरच्यांनी खुणा करायच्या नाहीत. हात चालू राहिले की जीभ आळशी होते, मूल बोलत नाही. तेव्हा तिथे तसंच मानत. सुट्टीत आली तरी तोंडाने बोला, ओठ दाखवून बोला, असं त्या म्हणाल्या. दानम्माने मान हलवली. फाटकाशी आल्यावर रुद्राणीने खुणेने विचारलं, तू कधी येणार? दानम्माने बाईंकडे पाहिलं, आणि हात पदराखाली घेतले. तोंडाने म्हणाली, दिवाळीला. पोरीला ते कळलं नाही. ती तसेच हात पुढे धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली. बसलिंगप्पांनी बायकोला दंडाला धरून रिक्षाकडे नेलं.

दिवाळीला बसलिंगप्पा तिला घेऊन आले. रुद्राणी अंगाने भरली होती, वेण्या तेल लावून घट्ट घातलेल्या होत्या. ओसरीवर ती दानम्मासमोर उभी राहिली, तिने श्वास घेतला, आणि जाड, खालच्या आवाजात म्हणाली, "आई."

बसलिंगप्पा डोळ्यांना उपरणं लावून मागे वळले. म्हातारी सासू देवाला हात जोडायला आत गेली. दानम्माने लेकीला छातीशी धरलं. तीही रडली, पण कशासाठी ते तिला नीट सांगता आलं नसतं. त्यांच्या भावकीत आईला कुणी आई म्हणत नव्हतं. सगळी मुलं आपापल्या आईला अव्वाच म्हणत. शाळेने शिकवला तो शब्द पोरीने आणला होता, आणि तो आणायला तिला किती कष्ट पडले असतील ते तिच्या मानेच्या ताणलेल्या शिरांवरून दिसत होतं.

चार शब्द रुद्राणीला येत होते. पाणी, भात, ताई, आई. ती ते शब्द जपून वापरत होती. बाकी वेळ ती गप्प असे आणि सगळ्यांच्या ओठांकडे बघत राही, सुईत दोरा ओवताना बघावं तशी. ओठ भराभर हलले की तिचा चेहरा गोंधळून जाई. हात मात्र ती मांडीखाली दाबून बसायची.

भाऊबीजेनंतरच्या सकाळी दानम्मा तिला घेऊन शेतात गेली. पाऊस त्या सालीही बेताचाच झाला होता, तरी ज्वारी गुडघ्याला लागली होती. दोघी बांधावर बसल्या. तारेवर कोतवाल येऊन बसला. आजूबाजूला कुणी नव्हतं. दानम्माचा हात आपोआप उठला, दोन बोटं फाकली, मग छातीशी आली.

रुद्राणीने ते पाहिलं. तिने चटकन मागे वळून रस्त्याकडे बघितलं, कुणी येतंय का. मग तिने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, बोटं एकेक करून मिटवली, आणि ते आईच्याच मांडीवर ठेवून वरून आपले तळवे दाबून धरले. लहान मुलाला शिस्त लावावी तसं. रागाने नव्हे, मायेनेच. आणि आईच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "बोल."

हा पाचवा शब्द होता. घरी कुणाला तो तिने अजून ऐकवला नव्हता.

दानम्मा बोलू लागली. काय बोलावं? तुझ्याविना घर खायला उठतं, हे ओठांवरून कसं वाचायचं? छावणीवरचा तांबडा बैल मेला, हे कसं सांगायचं? तुला तिकडे कुणी मारत नाही ना, रात्री पाय दुखतो का, कुणाशी खेळतेस, हे सगळं तिच्या मनात दाटलं आणि तोंडातून एवढंच आलं, "जेवलीस का?" रुद्राणीने ओठ वाचले, तिला कळलं, आणि कळल्याच्या आनंदाने ती हसली. तिने जोरात मान हलवली. दानम्माही हसली. मग दोघी उन्हं चढेपर्यंत तशाच बसल्या.

सुट्टी संपली, पोर गेली. पुढच्या वर्षी मृग चांगला लागला आणि विहीर भरली. कस्तुराबाई विष्णुपुरीहून परत आली. दारात उभी राहून म्हणाली, "दानक्का, आता सुरू कर की पोरांचं. सिंधु लई आठवण करून राहिली." दानम्माने तिला आत बोलावलं, चहा केला, हणमंतरावांची खुशाली सांगितली. पोरांचा विषय मात्र तिने पुढे नेला नाही. कस्तुराबाईने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "न्हाई गं. मला आता दुसरं शिकायचं हाय."

बसलिंगप्पा दुकानाला गेले, सासू झोपली, की दानम्मा कोनाड्यातला आरसा काढते आणि दाराच्या उजेडात धरून बसते. एक एक वाक्य घेते. पाय दुखतो का. कुणाशी खेळतेस. ओठ नीट उघडून, हळूहळू, आवाज न काढता ती ते म्हणते, आणि आपल्याच तोंडाकडे बघून त्यातलं काय कळतं ते पडताळते. काही शब्द आरशात सारखेच दिसतात. तेव्हा ती ते वाक्य सोडून देते आणि दुसरं शोधते.