थंड ठेवजो

संघपालच्या नकाशात गावं नव्हती, फ्रिज होते. पहिला अमरावतीत मित्राच्या घरचा, दुसरा चिखलदऱ्याच्या एका हॉटेलातला, तिसरा बैतुलात, चौथा ओंकारेश्वरी आणि शेवटचा हिवरखेडला, मनकर्णामावशीचा. अकोल्याच्या जुन्या शहरातून मोटरसायकलीवर निघायचं, सातपुड्याला वळसा घालायचा आणि नवव्या दिवशी परत आपल्याच दारात गाडी उभी करायची, असा बेत. माणूस भूमी अभिलेख कार्यालयात लोकांच्या शेतांचे नकाशे काढणारा. बांध वीतभर सरकला तरी याच्या डोळ्यांत खुपायचा. पण त्या शेतांत त्यानं कधी पाय ठेवला नव्हता. जन्मापासून त्याचं रक्त साकळत नाही. हिमोफिलिया. आपण ठेचकाळलो तर हळद लावून मोकळे होतो. त्याचा गुडघा आतल्या आत रक्तानं भरत जातो. दिवसाआड शिरेतून रक्त साकळवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन घेतलं की तो चारचौघांसारखा. फॅक्टरला मात्र गारवा लागतो, आणि आमच्याकडचं मार्चातलं ऊन काही कुणाचं औषधपाणी बघत नाही.

म्हणून महिनाभर आधीपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती त्यानं पाच ठिकाणी डोस पोचवले आणि सोबतच्या थर्मासात एक राखीव ठेवला. आईनं विचारलं, बत्तीस वर्षं कापसात ठेवलं ते असं रस्त्यावर सांडायला का? तो म्हणाला, गाडी बसून चालवतात, पडून नाही. आईनं चार दिवस अबोला धरला. त्याला कुणाला काही जिंकून दाखवायचं नव्हतं. फेरी पुरी करून स्वतःच्या गाडीवर घरी यायचं, म्हणजे घरातलं ‘जपून रे’ थोडं कमी होईल, एवढीच आशा होती.

सात दिवस सुखाचे गेले. आठव्या दिवशी बऱ्हाणपूरच्या अलीकडे उभी गाडीच मुरमावरून घसरली आणि डावा गुडघा दगडावर आपटला. राखीव डोस त्यानं तिथंच घेतला. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, उद्या चुकवू नका, आणखी एक घ्या. उद्याचा डोस हिवरखेडला होता. आईला त्यानं कळवलं, सगळं ठीक आहे.

मनकर्णामावशी म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण. तिचा बंडू सातव्या वर्षी गेला. दुधाचा दात पडायचं निमित्त झालं, रक्त थांबेना. तेव्हा या आजाराचं नावही घरात कुणी ऐकलं नव्हतं. हे दुखणं बायांच्या पोटातून उतरतं आणि पोरांना धरतं. मावशीची लेक सीमा गावातच, दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. तिच्या चार वर्षांच्या प्रीतमलाही तेच निघालं. तेव्हा फॅक्टर या शब्दापुढे मावशी कशी हात जोडून उभी राहत असेल ते वेगळं सांगायला नको.

दुपारी संघपाल लंगडत तिच्या घरात शिरला, तर फ्रिजला बैलाचं दावं बांधलेलं. वीस दिवसांत तिनं दार उघडलं नव्हतं. उघडलं की गारवा जातो, म्हणून दूध शेजारी ठेवलं, दही लावायचं बंद केलं, शेजारची पोरं हात लावतील म्हणून गाठीवर गाठ मारली. आता तिनं एकेक गाठ सोडली आणि थेट वरच्या बर्फाच्या खणातून डबा काढून त्याच्या हातात दिला.

“लाइन घडीघडी जाते, बाबू. खालच्या खनात काय थंड राह्यते? म्हून मी वर ठेवलं.”

डब्यावर बोटभर बर्फ चढला होता. आतली, पावडरीत मिसळायच्या पाण्याची बाटली तडकली होती, पावडरीची बाटली पांढरी पडून बर्फाला चिकटली होती. हे औषध गार ठेवायचं असतं, त्याचा बर्फ करायचा नसतो; एकदा का तसं झालं की ते टोचून घेण्यात अर्थ नाही. संघपालला आठवलं, डबा पाठवताना फोनवर आपण एवढंच म्हणालो होतो: मावशी, थंड ठेवजो. इंचाइंचाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसानं औषधाला मात्र दोन शब्दांत वाटेला लावलं होतं.

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. वीस दिवस पहारा देऊन ड्युटीवरून सुटणाऱ्या शिपायासारखी. त्याला काही सांगवेना. घर सत्तर किलोमीटरवर, तिथं एक डोस आहे. दोन तास कळ काढू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

“झकास ठेवलं, मावशी,” तो म्हणाला.

मधल्या खोलीत जाऊन त्यानं दार लोटलं, पाच मिनिटं नुसता बसला आणि सुई न टोचताच कोपराच्या वळणावर चिकटपट्टी लावून बाहेर आला. मावशी फोनवर होती. फोन ठेवून तिनं ताट वाढलं: पातोडीची भाजी, ज्वारीची भाकर. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवते, असं म्हणत स्वतःही समोर बसली. गुडघा आतून तापत होता, पण तिच्या तोंडावरचं समाधान बघून त्याला आपलं खोटं बोलणं फार चांगलं वाटलं. खोटं बोलणाऱ्याला पहिली दहा मिनिटं तसंच वाटतं.

निघताना त्यानं हेल्मेट चढवलं, तेव्हा ती सहज बोलली. मागच्या हप्त्यात डॉक्टरांनी सीमाला प्रीतमसाठी तीन डोस घरी ठेवायला दिले होते. त्यांनी खालच्या खणात ठेवा म्हणून सांगितलं होतं. मावशीचं म्हणणं, संघपाल येऊ दे, माझं ठेवणं बरोबर निघालं तर वर हलव.

“तू झकास म्हनलास, तशीच फोन लावला तिले. म्हनलं, ठेव बर्फात.”

संघपालनं हेल्मेट काढलं. उंबऱ्यावर बसला आणि कोपरावरची पट्टी ओढून काढली. खाली टोचल्याची खूण नव्हती.

“मावशी, तिले लवकर फोन लाव. वर नको ठेवू म्हन. माह्यं औषध बर्फात खराब झालं. मी घेतलं नाई.”

तिनं आधी फोन लावला, बाकी सगळं नंतर. सीमानं अजून काही हलवलं नव्हतं. वरचा खण कुल्फीनं भरलेला, तिथं जागा करायची म्हणून ती प्रीतमला एकामागून एक कुल्फी चारून राहिली होती. तिसरी चालू होती. मावशीनं तिला राहू दे म्हटलं, नवऱ्याला जीप घेऊन पाठव म्हटलं आणि फोन पदरात धरून ती संघपालच्या शेजारी खाली बसली. तिनं त्याच्या गुडघ्याला हात लावून बघितला.

“तुले वाईट वाटंल म्हून नाई सांगतलं,” तो म्हणाला.

“बंडूच्या टायमाले कोनालेच काही मालूम नव्हतं, बाबू. म्हून मी कोनाले बोल लावला नाई. तुले तर मालूम होतं.”

ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

अर्ध्या तासात सीमाचा नवरा कुलदीप जीप घेऊन आला. संघपालची गाडी मावशीनं अंगणात घ्यायला लावली आणि फ्रिजचं ते दावं खिडकीच्या गजातून ओवून तिच्या चाकाला बांधलं. फेरी सत्तर किलोमीटरसाठी राहिली. संघपाल मागच्या सीटवर पाय लांब करून बसला, तर मावशीही चढली. तिच्या हातात डब्यातला भिजलेला कागद होता, बारीक इंग्रजी अक्षरांचा.

“वाच,” ती म्हणाली. “पुरं वाच, मंग मराठीत सांग.”

त्यानं वाचलं. दोन ते आठ अंश, म्हणजे खालचा खण. बर्फात ठेवू नये. उन्हात ठेवू नये. बाटली तडकली असेल तर वापरू नये. अकोट मागे पडेपर्यंत तिनं त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग पाठ म्हणून दाखवलं. एक ओळ चुकली ती त्यानं सुधारली. तेव्हा कुठे तिनं कागदाची घडी घालून कमरेला खोचली.

“आता मायले फोन लाव. गुडघ्याचं सांग.”

“घरी गेल्यावर सांगतो ना.”

तिनं स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं नंबर लावला. पलीकडून आईनं पहिलंच विचारलं, कुठं आहेस, ठीक आहेस ना?

“नाई, आई,” संघपाल म्हणाला. “ठीक नाई. सांगतो, आयक.”