मास्तरांचं अस्तर

नातवाचं डोकं मागून एका बाजूला चपटं होतंय, हे घरात सगळ्यांत आधी मास्तरांनी ओळखलं होतं. पन्नास वर्षं शिलाईचं दुकान चालवलेला माणूस. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याचा उतरलेला खांदा त्यांना आधी दिसायचा, चेहरा नंतर. पण आजोबांचं बोलणं कोण मनावर घेतं! बाळ आपलं कायम उजवीकडे मान टाकून झोपायचं. पुढे डॉक्टरांनी तेच सांगितलं तेव्हा मात्र घरात धावाधाव झाली. कुशी बदलून झाल्या, पोटावर खेळवून झालं, आणि शेवटी पाचव्या महिन्यात डोक्याला गोल आकार देणारं निळं हेल्मेट आलं.

तेवीस तास घालायचं, एक तास सुट्टी. त्या तासात आंघोळ आणि हेल्मेटची पुसापुशी. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, म्हणजे हे सगळं मास्तरांकडे आलं.

सुनेने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाकलं.

"बाबा, राग मानू नका. तो जरा रडला की तुम्ही विरघळता. माझ्या ऑफिससमोर पाळणाघर आहे, तिथे बोलून ठेवलंय. तीन आठवडे बघू. डोक्यात फरक पडला तर तो घरीच राहील."

दुकान बंद केल्यापासून मास्तरांच्या दिवसाला नातवाखेरीज दुसरा आकारच नव्हता. त्यांनी मनाशी पक्कं केलं, जगबुडी झाली तरी त्या एका तासाबाहेर हेल्मेट काढायचं नाही. आणि खरंच, एकदाही काढलं नाही. पोरगं चार दिवस किंचाळलं, मास्तर त्याच्यासोबत कासावीस झाले, पण हेल्मेट जागचं हललं नाही.

गडबड झाली ती निराळीच. दुसऱ्या आठवड्यात हेल्मेट चढवताना मास्तरांचं बोट सहज उजव्या बाजूला आत गेलं. गेलं ते गेलं, वर फिरलंसुद्धा! मास्तरांचं डोकंच फिरलं. एवढं महागाचं काम आणि फिटिंगच्या नावाने बोंब? असा कोट कुणी शिवला असता तर त्यांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. त्यांनी पेटी उघडली, मऊ फ्लॅनेलच्या चार घड्या घेतल्या, बारीक टाके घालून सुबक गादी शिवली आणि आतल्या फोमला अशी बेमालूम टाचली की मुलाला न् सुनेला ती मुळातलीच वाटली. हेल्मेट आता मापात बसलं. मास्तर दोन दिवस स्वतःवरच खूश होते.

तीन आठवड्यांनी सगळे क्लिनिकमध्ये गेले. हेल्मेट बनवणाऱ्या ताईंनी बाळाच्या डोक्याचं माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चपट्या बाजूला काहीच फरक नाही. तेवीस तास घालता ना?"

सुनेने मास्तरांकडे बघितलं. त्या बघण्यात सगळा खटला होता, निकालासकट.

"एक मिनिट इकडचं तिकडे नाही," मास्तर म्हणाले. "नातवाची शपथ."

"मग नवल आहे," ताई म्हणाल्या. "चपट्या बाजूला आम्ही मुद्दाम जागा मोकळी सोडतो. डोकं वाढतं ते तिकडेच, त्या रिकाम्या जागेत."

मास्तरांना आपली गादी आठवली. पन्नास वर्षं पोरांचे कपडे त्यांनी "वाढतं अंग आहे" म्हणत दोन बोटं सैल शिवले होते, आणि स्वतःच्या नातवाची दोन बोटं त्यांनी फ्लॅनेलने बुजवली होती! हेल्मेट त्यांच्याच मांडीवर होतं. हाताने आपसूक टाके तोडले, गादी मुठीत आली. खिशात गेली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

ताई वहीत काहीतरी लिहीत होत्या. "माझंच माप चुकलं असणार. साहेबांना सांगते. नवीन बनवून देऊ."

हे मात्र मास्तरांना सोसवेना. आपलं पाप दुसऱ्या कारागिराच्या कात्रीवर ढकलायचं? त्यांनी मूठ उघडून टेबलावर ठेवली.

"ताई, तुमचं माप चोख आहे. शहाणपणा मी केला."

ताईंनी गादी उलटसुलट करून पाहिली. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमला नाही. "टाके मात्र सुरेख आहेत हो, आजोबा. दोन आठवडे वाया गेले, पण बाळ लहान आहे, अजून वेळ आहे. हेच घाला."

परतताना सून बाळाला घेऊन जिन्याकडे निघाली. मास्तरांनी स्वतःच विषय काढला. "पाळणाघर कधीपासून?"

"मी रागावलेय, बाबा. खूप रागावलेय."

"रागाव. हक्कच आहे तुझा."

ती दोन पायऱ्या उतरून थांबली. "पण पाळणाघरातल्या बाईंकडून अशी काही चूक झाली असती, तर मला कोण सांगायला आलं असतं?" तिने बाळाला त्यांच्या हातात दिलं. "उद्या नऊला मी निघते. शिवणाची पेटी तेवढी माझ्या ताब्यात द्यायची. ऑफिसला घेऊन जाणार मी ती."

घरी आल्याबरोबर मास्तरांनी पेटी तिच्यापुढे ठेवली. मग जरा घुटमळले, सदऱ्याची कॉलर उलटवली आणि तिच्या आत खोचलेली सुई, जिचा सुनेला पत्ताही नव्हता, काढून पेटीवर ठेवली.