आत्याच्या हाताला माहीत होतं

आईचा कोट म्हणजे नुसता तंबू होता! दवाखान्याच्या स्वागतकक्षात तिला नोकरी लागली होती, उद्या सकाळी सातला हजर व्हायचं होतं, आणि तिथून मिळालेल्या त्या निळ्या कोटात ती आणि भिंगरी दोघी आरामात मावल्या असत्या.

"बाह्या दुमडून पिना लावीन," आई म्हणाली.

"पहिल्याच दिवशी पिना? छे! मी शिवून देते. संध्याकाळी सहाला कोट तयार," भिंगरीने छाती ठोकून सांगितलं. भिंगरी ही तिची चौदा वर्षांची लेक. या लेकीसाठीच आईने पहिली नोकरी सोडली होती. आई हे कधी बोलून दाखवायची नाही, पण भिंगरीला ठाऊक होतं.

आई बाजारात गेली. घरात उरल्या भिंगरी, आत्या आणि शिलाई मशीन. घरातलं सगळं शिवण आत्याचं. पण मागच्या आठवड्यात ती जिन्यात घसरली आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आलं. तेव्हापासून तिने भिंगरीला शिकवायला घेतलं होतं. भिंगरीने उशीचे दोन अभ्रे असे झोकात शिवले, की आत्यासुद्धा म्हणाली, "हात बसलाय हं तुझा!" फक्त ते अभ्रे पांढऱ्या दोऱ्याने शिवले होते, आणि तो दोरा आत्याने पडायच्या आधीच ओवून ठेवलेला होता. आज निळा हवा होता. भिंगरी पहिल्यांदाच स्वतः दोरा ओवणार होती.

आत्याचा एक कडक नियम होता: काम झालं की सुईजवळचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली करायचा आणि त्याच्याखाली एक चिंधी ठेवायची. "मशीनला कधी उघड्या तोंडी ठेवू नये," ती म्हणायची. भिंगरीने नियम इमानेइतबारे पाळला. फूट खाली, चिंधी जागच्या जागी. फूट तसाच खाली असताना तिने निळा दोरा रिळापासून सुईपर्यंत ओवला, मग फूट उचलून चिंधी काढली, बाही सरकवली, फूट पुन्हा खाली केला आणि पेडल दाबलं.

घर्रर्र... खट्! मशीन अडकलं. बाही उलटी केली, तर खाली दोऱ्याचं घरटंच!

"बॉबिन उलटी बसवली असशील," आत्या म्हणाली.

बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, उलटी नव्हती. तरी काढून परत बसवली. पुन्हा घरटं.

"मग सैल भरली असेल."

बॉबिन नव्याने भरली. सुई बदलली. ब्रशने खालचा सगळा कचरा झाडला. त्यातून अख्खी गोधडी भरेल एवढा कापूस निघाला. पुन्हा घरटं!

"गुंता खाली, म्हणजे दोष खालचाच," आत्या ठामपणे म्हणाली.

"अगं, खाली आता फक्त जमीन तपासायची राहिलीय!"

हसल्या दोघी, पण भिंगरीचं हसू लगेच विरलं. पाच वाजत आले होते. बाही तीनदा उसवून झाली होती, आणखी दोनदा उसवली तर तिची चाळणी झाली असती. मग पिनासुद्धा धरल्या नसत्या. चौदा वर्षांनी आई कामाला निघणार, आणि अंगात भोकं पडलेला कोट!

"आत्या, तू ओव ना."

"कशी ओवू, बाई? नुसती बोटं बाहेर आहेत."

"खोटं खोटं ओव. हवेत. रोज करतेस तशी."

"वेडी आहेस का!" असं म्हणत आत्या मशीनसमोर बसली. तिने डोळे मिटले, डाव्या हाताच्या चिमटीत नसलेला दोरा धरला, आणि तिचा उजवा हात आपोआप उठून मशीनच्या मागे गेला.

टक्! प्लास्टर मागच्या दांडीवर आपटलं.

"हे काय केलंस?" भिंगरी ओरडली.

"कुठे काय केलं? अजून सुरुवातसुद्धा नाही केली."

"दांडी! तू आधी फूट वर करतेस!"

आत्या आपल्या हाताकडे बघतच राहिली. "करते की काय? बाई गं! तीस वर्षं झाली, मला पत्ताच नाही. मी तुला सांगणार तरी कसं?"

भिंगरीने फूट वर केला आणि दोरा काढून नव्याने ओवायला घेतला. टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्या आता एकमेकींपासून किंचित सुटल्या होत्या, आणि दोरा त्यांच्यामध्ये अलगद जाऊन बसला. इतका वेळ तो बाहेरूनच चालला होता. वरून धरायला कुणी नाही म्हणून खाली नुसता सांडत होता. बिचारी बॉबिन! उगीचच बोलणी खात होती.

फूट खाली. पेडल. सर्रर्र! टाके असे एका रांगेत उतरले, जणू शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं. भिंगरीने आत्याच्या प्लास्टरची पटकन पापीच घेतली.

"अगं, खरखरीत आहे ते!"

"असू दे. यानेच वाचवलं मला."

बाह्यांमागोमाग खांदेही आत घेऊन झाले, आणि सहाला पाच कमी असताना बाजारातून परतलेल्या आईने कोट चढवला. बाह्या मनगटावर थांबल्या, खांदे जागेवर बसले. आरशासमोर ती एकदा वळली, मग पुन्हा वळली आणि एकदम ताठ उभी राहिली. तिला इतकं ताठ उभं राहिलेलं भिंगरीने कधी पाहिलंच नव्हतं.

"वन्सं, खरं सांगा, शेवटी तुम्हीच शिवलंत ना? प्लास्टरच्या हाताने एवढं कसं जमलं?"

"मी नाही, वहिनी, तुमच्या लेकीने शिवलं. मी फक्त टक् केलं."

आईला काही कळलं नाही. तिने बाहीवरून हात फिरवला, मग भिंगरीच्या डोक्यावरून, आणि हात तिथेच राहू दिला. भिंगरीला खूप काही बोलायचं होतं, चौदा वर्षांचं. पण तोंडातून एवढंच आलं, "उद्या डबा मी भरून देणार हं तुला!"

मग ती मशीनकडे गेली. एक निळी चिंधी ठेवली आणि फूट हळूच खाली केला.