खळ लावून दाबलेली चीर

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे, आणि परवापरवापर्यंत फाटलेला होतो. माझ्यामुळे एका मुलीला आठ दिवस मान खाली घालून शाळेत जावं लागलं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं लाकडी कडं आमच्या एकोडी गावच्या सुतारानं घडवलं. त्यावर बकरीचं कातडं ताणून चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलं आणि मी टिकारामजींच्या हाती आलो. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत दंडार हा आमचा गाण्या-नाचाचा खेळ रंगतो. वाजवण्याआधी टिकारामजी भाताच्या तणसाचा जाळ करून मला शेकायचे, कारण थंडीत माझं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग थाप पडली की नाचणाऱ्यांचे पाय आपसूक उचलले जायचे. "टिकारामचा डफ पार सानगडीपर्यंत आयकू येते," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

पुढे दंडारीची मंडळी पांगली आणि मी खुंटीला लागलो. एका पावसाळ्यात उंदरानं काठाशी कुरतडलं, बोटभर चीर पडली. टिकारामजींनी आतून कागदाची पट्टी खळीनं चिकटवून ती दाबून टाकली. वरून काही दिसेना.

गेल्या वर्षी हायस्कुलात मुलांचं वारसा मंडळ निघालं. जुन्या वस्तू आणि जुनी गाणी शोधत मुलं घरोघर फिरू लागली. रीना मॅडम त्यांना घेऊन आमच्या अंगणात आल्या, तेव्हा टिकारामजींनी मला पुसून बाहेर काढलं. "घ्या, एकदम ठणठणीत आहे," ते म्हणाले. चिरेबद्दल अवाक्षर नाही. इतक्या वर्षांनी कुणी विचारायला आलं होतं, त्याला फाटकी वस्तू कशी द्यायची? मीसुद्धा मिरवायला आसुसलो होतो.

नववीतल्या रक्षानं माझ्यावर हात बसवला. टिकारामजी शाळेत येऊन तिला शिकवायचे. "जाळाच्या लय जवळ नको धरू. आपल्या तळहाताले सोसते, तेवढीच आंच." रक्षा ते अगदी तंतोतंत पाळायची.

साकोलीला शाळांची लोकनृत्य स्पर्धा होती, त्या दिवशीही तिनं तसंच शेकलं. पण वारंवार ऊब लागून आतली खळ वाळली, कागद सुटला, आणि चौथ्या की पाचव्या थापेला मी पार मध्यापर्यंत फाटलो. मुलांची दंडार तिथंच थांबली.

"जाळात धरला असन हिनं," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी तेच खरं धरलं. वर्गातला मनिष तिच्याशी बोलेना. रीना मॅडम रागावल्या नाहीत, "पन्नास वर्षांची वस्तू होती गं," एवढंच म्हणाल्या. रक्षानं मंडळात जाणं सोडलं. टिकारामजी पहिल्या रांगेत बसले होते, तरी गप्प राहिले. मला तर तोंडच नाही. पण असतं, तर मी बोललो असतो का? मला खात्री नाही. माझा नावलौकिक मलाही प्यारा होता.

सातव्या दिवशी रक्षा मला छातीशी धरून सायकलच्या मागे बसली आणि बापाबरोबर एकोडीला टिकारामजींच्या घरी आली. "आबाजी, माह्या हातानं तुमचा डफ गेला. माफ करा," म्हणाली. टिकारामजींनी मला घेतलं आणि "राहू दे" म्हणाले. ती गेल्यावर ते माझ्या आतला सुटलेला कागद चाचपत बसले.

दुसऱ्या सकाळी मला काखेत मारून ते थेट परिपाठाला उभे राहिले. "पोरीनं नाही फाडला. चीर पयलेपासून होती. मीनंच कागद लावून लपवली."

रक्षा रांगेतून पुढे आली. "मंग आठ दिवस काहून नाही सांगतलं, आबाजी? काल मी माफी मागाले आली, तवा तरी?"

टिकारामजींनी तिच्यापुढे हात जोडले. मॅडमनी सगळ्यांसमोर रक्षाची माफी मागितली, मनिषनंही मागितली.

मित्रांनो, जुनी वस्तू सांभाळायला घ्याल, तेव्हा तिला कुठं काय झालंय ते देणाऱ्याला विचारा. आणि देणारे तुम्ही असाल, तर कुणी विचारायची वाट पाहू नका. माझ्यावर परवाच नवं कातडं चढलं. रक्षाही मंडळात परत आली आहे. ती आता टाळ वाजवते. मला मात्र तिनं अजून हात लावलेला नाही.