तिसऱ्या मजल्यावरचं पडवळ

दगड सुटला आणि खालच्या मजल्यावर काहीतरी धाडकन वाजलं. पाठोपाठ एका बाईचा आवाज आला, साऱ्या चाळीला ऐकू जाईल असा.

"कुनाचं मरन आलंय वर? माझा जवळा सांडला ना समदा!"

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत धाकू तावडे भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसला. त्याच्या चहूबाजूंनी डबे होते. डालड्याचे पिवळे डबे, गोडेतेलाचे मोठे पत्र्याचे डबे, तळ गेलेली बादली, झाकण तुटलेली ट्रंक. कशात मिरची, कशात वांगी, कशात लाल माठ. आणि तेलाच्या डब्यातून निघून कठड्यावरून बाहेर झेपावलेला पडवळाचा वेल. त्याला लागलेलं एकुलतं एक पडवळ बाहेरच्या बाजूला लोंबत होतं. ते वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला बांधलेला दगडच आज निसटला होता.

"अरे, बोल की! मुका हायस काय?"

मुका नसला तरी धाकू तसा झालाच होता. बावीस वर्षं तो मिलमध्ये मागावर होता. ब्याऐंशीत संप झाला, मग मिलचं फाटक त्याच्यासाठी कायमचंच बंद झालं, आणि दहिसरच्या या चाळीतल्या खोलीत तो जो येऊन बसला तो बसलाच. सकाळी उजाडायच्या आत खाली उतरायचा, नदीकाठची माती आणि पालापाचोळा पिशवीत भरायचा आणि लोक उठायच्या आधी वर यायचा. बायको सुगंधा बोरीवलीला गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. ती गेली की दिवसभर धाकू आणि त्याचे डबे.

आता मात्र उत्तर देणं भाग होतं. तो कठड्यावरून वाकला. खाली पांढऱ्या केसांचा भांग आणि सुपात सांडलेली बारीक सुकी मासळी गोळा करणारा सुरकुतलेला हात दिसला.

"मावशी, चुकलं. पडवळाचा दगड होता. धागा कुजला."

"कसला धागा?"

"सुती."

"पावसात सुती धागा? तो कुजनार नाय तर काय करनार? तुमी मिलवाले म्हन्तात ना?"

"होतो," धाकू म्हणाला.

मग तोच आवाज, पण निवळलेला. "मथुरा, अगं स्टूल घे. त्या खनातली नायलॉनची दोरी काढ. जाळ्याची गाठ मार, शिकवली होती ती. नाय, तशी नाय! उलटी!"

ही खालची सगुणाबाई खाडीपलीकडच्या गोराईची. मोडलेलं मांडीचं हाड नीट बसलं नव्हतं, म्हणून दवाखाना जवळ पडेल या हिशेबाने मुलगी मथुरा तिला दहिसरला घेऊन आली होती. चार महिने ती गॅलरीतल्या खुर्चीत बसून होती. मथुरेने स्टुलावर चढून पडवळाला दगड बांधला आणि वरून बघणाऱ्या धाकूने सुटकेचा निःश्वास टाकला. पडवळ तेव्हा जेमतेम दोन हातांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली.

"वरच्या! वाढलं रं, वाढलं! दोन बोटं!"

"कशावरून?"

"खांबावर कोळशाची रेघ मारलीय काल. मी काय इथं झोपा काढते?"

धाकू हसला. आपण हसलो हे त्याला जरा उशिराच कळलं.

तेव्हापासून रोज सकाळी हाक येऊ लागली. दोन बोटं. तीन बोटं. एकदा पाऊस नुसता भुरभुरत होता आणि ऊनही होतं, त्या दिवशी चार बोटं! सगुणाबाई मासळी धुतलेलं पाणी वाया घालवू देईना. मथुरेकडून बादली भरून वर पाठवायची. "वास येतो म्हनून नाक मुरडू नको. घाल बुडात." धाकू घालायचा. वेलाची पानं हाताएवढी झाली.

मग चाळीला त्याचा नाद लागला. तळमजल्यावरचा जयवंत कामावर जाताना मान वर करून विचारायचा, "काय मावशी, आजचा स्कोर?" पडवळ दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकणार की नाही यावर नळावर भांडणं जुंपली. मथुरेच्या शेजारची कुंदा म्हणायची, गणपतीच्या आत टेकणार. पलीकडच्या खोलीतले भाऊराव म्हणायचे, पडवळ एवढं वाढतच नाही, मध्येच पिकून फुटेल, वाट लागेल. दोघांनी हरणाऱ्याने सगळ्या चाळीला चहा पाजायचा असं ठरवून टाकलं.

संध्याकाळी सुगंधा आली की धाकू दारातच सांगायला सुरुवात करायचा. "अगो, आज तीन बोटां! त्या भाऊरावाचा तोंड बघूक व्हया होता!"

सुगंधा पिशवी खाली ठेवायचंही विसरून ऐकत राहायची. दोन वर्षांत तिने या माणसाच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली नव्हती.

आणि नेमका तेव्हाच नंदकिशोर आला. चाळीच्या मालकाचा माणूस. गॅलरीत उभा राहून त्याने डबे न्याहाळले.

"हे काय, शेत केलंय का? गॅलरी कोसळली तर जबाबदार कोण? रविवारपर्यंत सगळं खाली गेलं पाहिजे. नाहीतर माणसं आणून फेकून देईन."

धाकू मान खाली घालून उभा राहिला. नंदकिशोर गेला तरी तसाच उभा होता. मिलच्या फाटकावरही तो असाच उभा राहिला होता.

रविवारी सकाळी पडवळाचा दगड कठड्याला टेकला. चाळीत एकच गलका झाला. कुंदाने टाळ्या पिटल्या. "टेकलं! काढा चहा, भाऊराव!"

"दगड टेकला, पडवळ नाही," भाऊराव अंगणातून ओरडले. "दगड काय वेलाला लागतो?"

सगळे सगुणाबाईच्या तोंडाकडे बघू लागले. तिने थोडा विचार केला.

"दगड धरायचा नाय," ती म्हणाली. "मथुरा, सुरी आन. काप दोरी." दगड मोकळा झाला. तिने टोक आणि कठडा यांच्यामध्ये बोटं धरून पाहिली. "चार बोटं बाकी. मंगळवारी टेकल."

तेवढ्यात नंदकिशोर दोन हमाल घेऊन जिना चढून वर आला. त्याच्यामागून निम्मी चाळ आली. हमालांनी पहिल्याच डब्याला हात घातला, वेलाच्या.

"त्याला हात नाही लावायचा," धाकू म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण हमालाने हात मागे घेतला.

"तावडे, मी सांगितलं होतं. वजनाने गॅलरी..."

"किती वजन असेल याचं? सांगा ना. अंदाजाने."

"मण-दीड मण असेल."

"उचला. एका हाताने उचला."

नंदकिशोरने इकडेतिकडे पाहिलं. सगळे बघत होते. त्याने शेजारचा, वांगी लावलेला तेलाचा डबा जोर लावून ओढला आणि तो एवढ्या सहज वर आला की त्याचा तोल गेला. लोक हसले.

"आत माती चार मुठी आहे," धाकू सांगू लागला. त्याचे शब्द थांबत नव्हते. "बाकी नारळाची सोडणं, कुटून बारीक केलेली. पालापाचोळा. पाणी धरतं, पण वजन नाही. खाली बघा, प्रत्येक डब्याला थाळी आहे. एक थेंब खाली जात नाही. मी बावीस वर्षं मागावर उभा होतो, साहेब. जमीन कशाने हादरते ते मला ठाऊक आहे. मंगळवारपर्यंत थांबा. मग मालकांना घेऊन या, त्यांनाही उचलायला सांगतो."

खालून सगुणाबाईचा आवाज आला. "आनि मग मला भेट म्हनावं त्याला!"

नंदकिशोरने आणखी एक डबा उचलून पाहिला. मग तिसरा. "सोडणं म्हणजे नारळाची सालं?" त्याने विचारलं. "कुठे मिळतात ती?"

मंगळवारी पहाटेपासून गॅलऱ्या भरल्या. जयवंत कामावर गेलाच नाही. सुगंधानेही पहिल्यांदाच खाडा केला. नंदकिशोर आला, तो एकटा, आणि खाली अंगणात मान वर करून उभा राहिला. आठच्या सुमारास सगुणाबाईने एक कागद मागवला. पोस्टकार्ड. ते टोक आणि कठडा यांच्यामध्ये सरकवलं. पोस्टकार्ड अडकलं.

"टेकलं!" ती किंचाळली. "वरच्या, टेकलं रं, टेकलं!"

मग जो आरडाओरडा झाला त्यात धाकूला काहीच ऐकू येईना. कुंदा नाचत होती. कोणीतरी थाळी बडवत होतं. भाऊराव स्वतःच किटली घेऊन वर आले आणि त्यांनी पहिला कप धाकूच्या हातात दिला. सुगंधा पदर तोंडाला लावून रडत होती आणि हसतही होती.

"कापायचं काय, आये?" मथुरेने विचारलं.

"नाय. बी धरायचं."

पडवळ तसंच राहिलं. हिरव्याचं केशरी झालं. गणपती आले आणि गेले. डब्यांबद्दल नंदकिशोर पुन्हा काही बोलला नाही. उलट एका तांबड्या मिरचीचं रोप घेऊन गेला. मात्र अनंत चतुर्दशीनंतर सगुणाबाईचा मुलगा गोराईहून आला. पाय आता चालायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिला तिच्या घरी जायचं होतं. चौघांनी खुर्चीसकट तिला खाली नेलं, तेव्हा धाकू वरून बघत होता. त्याला दिसला तो पांढरा भांगच.

पंधरा दिवसांनी त्याने पडवळ कापलं. बिया धुतल्या, राख चोळून वाळवल्या, कागदात बांधल्या आणि धुतलेला सदरा घातला.

"खय चल्लात?" सुगंधाने विचारलं.

"गोराईक. जावन येतंय."

तिने त्याची कॉलर नीट केली.

खाडी ओलांडताना होडीत तो उभाच राहिला, बसवेना. गावात विचारत विचारत तो एका कौलारू घराशी पोचला. ओटीवर बाजेवर सगुणाबाई पडली होती, खूपच लहान झालेली. सुनेने उशी देऊन तिला बसवलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

"मावशी, मी," तो म्हणाला.

आवाज ऐकताच ती चमकली. डोळे बारीक करून तिने त्याचं तोंड निरखलं, खूप वेळ.

"अरं," ती म्हणाली, "तू म्हातारा नाय की रं! मला वाटलं, माझ्याएवढा असशील."

धाकू सेहेचाळीस वर्षांचा होता. दोन वर्षांत ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

त्याने बिया तिच्या ओंजळीत ओतल्या. तिने त्या एकेक करून पाहिल्या. "आता नाय लावायच्या. मिरगाला लावू."

"लावू," तो म्हणाला.

मग तिने बियांचे दोन वाटे केले. एक आपल्या पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. दुसरा पुन्हा कागदात घालून त्याच्यापुढे धरला.

"या तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

धाकूने पुडी वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, आणि शेवटची होडी सुटायची वेळ होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला.