दोऱ्याने मोजलेलं अंतर

मित्रांनो, मी विमानाच्या तिकिटांच्या दुकानातला एक म्हातारा पृथ्वीगोल आहे. अख्खं जग पोटावर घेऊन बसलोय, पण स्वतः या टेबलावरून कधी हललो नाही.

कारखान्यात कागदाच्या पट्ट्या डकवून मला घडवलं आणि लाकडी बैठकीवर जरा तिरकं बसवलं. दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत. गिऱ्हाईक आलं की काका एका विमानतळावर दोऱ्याचं टोक धरायचे, दुसऱ्यापर्यंत ताणायचे आणि म्हणायचे, "बघा, एवढंच तर आहे!" गिऱ्हाईक खूश, काका खूश आणि मी तर फुशारून जायचो. पुढे संगणक आला. काकू त्यावर विमानांच्या वेळा बघू लागल्या. काकांनी मात्र दोरा सोडला नाही.

एके दुपारी शेजारच्या बेकरीतली ताई धावत आली. हाताला पीठ तसंच होतं. तिचे वडील पार दुसऱ्या टोकाच्या देशात, इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते.

"काका, काहीही करा, पण मला बाबांकडे पोचवा. सारखं माझंच नाव घेतायत."

काकूंनी संगणकात डोकं घातलं. "एक विमान आज संध्याकाळी आहे, पण वाटेत बदलावं लागेल आणि वळसाही मोठा आहे. सरळ जाणारं उद्या दुपारी सुटतं."

काकांनी माझ्यावर दोरा ताणला. वळशाचा दोरा चांगला वीतभर जास्त भरला. "वळसा कशाला घालायचा? सरळच जा पोरी, लवकर पोचशील."

"अहो, पण उतरायच्या वेळा तर बघा!"

"तू थांब गं. जन्म गेला माझा यात."

ताईचं डोकं चालतच नव्हतं. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात फोन वाजला. तिचा भाऊ होता. "ताईचा फोन लागत नाहीये. बाबा विचारतायत, अजून किती लांब आहे?"

काकांनी घाईघाईने दोरा घेतला. एक टोक माझ्यावर धरलं आणि दुसरं ताणायला घेतलं. तेवढ्यात पलीकडून रडण्याचा आवाज आला. काकूंनी संगणकात पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. काल संध्याकाळी सुटलेलं वळशाचं विमान आज दुपारीच तिथे उतरलं होतं.

मित्रांनो, त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं.

ताई परत आली. भांडली नाही. फक्त माझ्याजवळ उभी राहिली.

"काका, बाबा गेले तेव्हा मी कुठे होते?"

काकांना बोट ठेवता येईना. शेवटी तिनेच त्यांचा हात धरून माझ्यावर ठेवला. बोटाखाली नुसता समुद्र होता. दोघंही ढसाढसा रडले.

तेव्हापासून दोरा निघालेला नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. कुणी आपल्या माणसाकडे धावत निघालं असेल, तर अंतर मोजत बसू नका. जे आधी पोचेल त्यात त्याला बसवून द्या. माझ्यावरची धूळ पुसायची राहिली तरी चालेल.