कशफच्या नावाने

"हे नाव तुमचंच ना?" म्हणत केंद्राच्या साहेबांनी तारखा बदलल्याच्या नोंदींची छापील यादी कशफपुढे सरकवली.

नाव तिचंच होतं. मारेगावकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर ती सहा वर्षं कंत्राटी ऑपरेटर होती. शेतकऱ्यांची नोंदणी करायची, कापूस मापाला आणायच्या तारखा द्यायच्या. बोंडअळीने निम्मं पीक खाल्लं ते हे वर्ष. रविवारी दुपारी कुणीतरी तिच्या नावाने केंद्राची वेबसाइट उघडून चाळीस शेतकऱ्यांच्या तारखा मागे ढकलल्या होत्या आणि त्यांच्या जागी व्यापाऱ्यांची माणसं घुसवली होती. रविवारी कशफ मुकुटबनला खालाच्या, म्हणजे मावशीच्या मयतीत होती. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि पासवर्ड कुणाला दिला होता, एवढंच पुन्हा विचारलं.

चार दिवस ती वेबसाइटशी झटत बसली. पाचव्या दिवशी सापडलं. लॉगिनच्या रकान्यात नावापुढे कंस, चांदणी अशी चिन्हं ठरावीक क्रमाने टाकली, की वेबसाइट त्यांना हुकूम समजायची. कर्मचाऱ्यांच्या यादीत नुसतं नाव शोधायची आणि पासवर्ड न तपासताच आत घ्यायची. कुणालाही, कुणाच्याही नावाने. कशफला हायसं वाटलं. तिने लगेच साहेबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच नावाने वेबसाइट उघडून दाखवली.

साहेबांनी पडद्यावरचं आपलं नाव वाचलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला हे जमतं."

संध्याकाळी कामावरून कमी केल्याचं पत्र तिच्या हातात पडलं. महिनाभरात वेबसाइट दुरुस्त झाल्याचं तिच्या कानावर आलं. तिला कुणी बोलावलं नाही.

ती बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसू लागली. तिथे एक दिवस वच्छलाबाई आल्या. तारीख हुकलेल्या चाळिसांतल्या त्या एक; त्यांचा कापूस शेवटी व्यापाऱ्याने मागितल्या भावात गेला होता. कशफने मान खाली घातली. शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या मुलीने आपल्याकडे जागा असल्याचं सांगितलं, तरी बाई कशफच्याच रांगेत थांबल्या.

नंबर आला तेव्हा कशफ म्हणाली, "मावशी, ते मी नाही केलं."

"कोनं केलं, मले काय मालूम, बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन सहा वर्सांत तू मले एकदाही वापस नाही पाठवलं. सांग, आंगठा कुठी ठेवू."

बोंडांनी ओरबाडून झिजलेला तो अंगठा ठशाचं मशीन घेईना. कशफने तो ओढणीने पुसला, पुन्हा काचेवर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला.